पडायचा वर्ग

साखर कारखान्याचा हंगाम ऐन भरात असताना माझ्या सासूबाई मागच्या दाराच्या पायरीवरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं, आत सळई बसवली, आणि त्या घरी आल्या. आमचं घर पलूसजवळच्या एका गावात. बाहेरच्या सोप्यात, टीव्हीसमोर, त्यांची कॉट टाकली. सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. आमच्याकडे तशीच पद्धत. मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षं ते नव्या भरतीच्या पोरांना पी.टी. शिकवायचे. तिथे त्यांना उस्ताद म्हणत. गावात सुभेदार म्हणतात. घरात त्यांना फारसं कुणी काही म्हणत नाही.

आत्यांना पडून राहायची सवय नव्हती. पहिले काही दिवस त्यांनी मालिका बघितल्या. मग म्हणाल्या, "ही बाई जिन्यावरनं ढकलली, दुसऱ्या दिवशी चालतीया. हिचं हाड कसलं म्हणायचं? बंद कर ते."

मी बंद केलं. मी पलूसला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, माझे मिस्टर कारखान्यात पाळीवर असतात, म्हणजे दुपारनंतर आत्यांपुढे काय लावायचं हा प्रश्न माझाच होता. मला माझं लहानपण आठवलं. माझं माहेर सांगलीचं. आमच्या गल्लीतल्या वाचनालयात मे महिन्याच्या सुट्टीत पांढरी चादर बांधून जुने परदेशी मुके विनोदी सिनेमे दाखवत. काळे-पांढरे, भराभर चालणारी माणसं, कुणी शिडी घेऊन वळतंय आणि मागच्याला लागतंय, कुणी चुन्याच्या बादलीत पाय घालतंय, जाड पोलीस पळतायत आणि सगळे एकमेकांवर पडतायत. बोलणं नाहीच, त्यामुळे आम्हाला इंग्रजी येत नव्हतं त्याचं काही अडलं नाही. ते सगळं आता टीव्हीवर फुकट सापडतं. मी एक लावला.

पडद्यावर एका मोठ्या जेवणाच्या खोलीत माणसं एकमेकांच्या तोंडावर केक फेकून मारत होती.

"ती साय हाय का गं?" आत्यांनी विचारलं.

"क्रीम आहे. केकवरचं."

"एवढं?" त्या म्हणाल्या. आणखी एक केक बसला. "पोरांना तरी द्यायचं."

मग एक बारीक, घट्ट कोटातला माणूस ओल्या साबणावरून घसरला, उठला, टोपी घ्यायला वाकला आणि पुन्हा घसरला, आणि आत्या हसायला लागल्या. हसल्यावर खुब्यात कळ आली. कळ आल्यावर त्या म्हणाल्या, "बंद कर." मी रिमोट उचलला तेव्हा म्हणाल्या, "थांब, टोपी घिऊ दे त्याला."

मामा कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीवर बसून बघत होते. ते कधीच पाठ टेकवून बसत नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. सिनेमा संपल्यावर ते म्हणाले, "सूनबाई, जरा मागं घे. साबणापाशी."

मी मागे घेतलं. तो माणूस पुन्हा घसरला.

"परत."

मी परत घेतलं.

"बघ," मामा म्हणाले. "हात टेकला न्हाई त्यानं. हात टेकला असता तर मनगाट गेलं असतं. खांद्यावरनं आला, मग पाठ, मग कुल्ला. आणि हनुवटी छातीला, म्हंजी डोकं आपटत न्हाई. सगळ्या अंगाला मार वाटून दिला." "आणि तोंड बघ त्याचं. काय न्हाई तोंडावर. जवानाचं तोंड असं पायजे."

त्या दिवसापासून आमच्याकडे रोज संध्याकाळी एक सिनेमा लागायला लागला. आत्या हसण्यासाठी बघायच्या आणि मामा शिकण्यासाठी. दोघांचं जमायचं नाही. आत्यांना पुढे काय होतं ते बघायचं असे आणि मामांना मागे काय झालं ते. रिमोट माझ्या हातात असल्यामुळे दोघंही मलाच बोलायचे. शिडीवरून पडणं, घोड्यावरून पडणं, चालत्या गाडीतून पडणं, पाठीमागे खुर्ची आहे असं समजून बसताना पडणं, असे मामांनी प्रकार पाडले. जाड माणसं बारीक माणसांपेक्षा चांगली पडतात असं त्यांचं मत झालं. एक बाई होती, भली थोरली, ती जिन्यावरून गडगडत येऊन शेवटच्या पायरीवर बसती व्हायची आणि पदर सारखा करावा तशी टोपी सारखी करायची. तिच्यासाठी मामांनी आम्हाला तो सिनेमा आठवडाभर दाखवायला लावला.

एकदा मी त्यांना चहा दिला तेव्हा ते आत्या झोपल्यात हे बघून हळू म्हणाले, "पलटणीत भिंतीवरनं उड्या मारून पडायला शिकवलं पोरांना. शेकड्यानं. घरात एकीला न्हाई शिकवलं." चहा पिऊन ते शेतावर गेले.

शेतावर काय करतात हे मला नंतर कळलं. आमच्या ओढ्याकडच्या वावरातला ऊस तुटून गेला होता आणि वाळक्या पाल्याचं पाचट तसंच पसरलेलं होतं, गुडघाभर. एके दिवशी मी वर्गात शिकवत असताना मोबाइल थरथरायला लागला. बांधाला बांध असलेला आमचा शेजारी होता. मी बाहेर येऊन उचलला.

"वयनी, सुभेदार पडल्यात वावरात."

"लागलंय का?"

"न्हाई. उठलं."

"मग बरं."

"परत पडलं," तो म्हणाला. मग तो फोन धरून तिकडेच बघत असावा. "उठलं. आता परत पडलं. वयनी, ह्ये झटकं हायत. तुमी डॉक्टरला घिऊन या."

मी गावातल्या डॉक्टरांना स्कूटरवर मागे बसवून थेट वावरात नेलं. तोवर बांधावर बरीच माणसं जमली होती. मामांना त्यांनी आंब्याखाली आडवं केलं होतं आणि एकजण त्यांच्या नाकाशी कांदा धरून बसला होता. दुसऱ्याने त्यांचे बूट काढून ठेवले होते. मामा आडवे होऊन आकाशाकडे बघत होते. विरोध केला तर झटका वाढला असं वाटेल म्हणून गप्प राहिलो, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, नाडी बघितली, डोळ्यात बॅटरी मारली. सगळं ठीक होतं. "चक्कर येते का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"डोळ्यापुढं अंधारी?"

"न्हाई. मी मुद्दाम पडतोय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "घरात काही झालंय का?"

"सासूबाईंचं हाड मोडलं."

"त्याचा मनावर परिणाम झालाय का?"

मी म्हटलं, "ते सिनेमे बघतात." हे बोलल्यावर माझ्या लक्षात आलं की यामुळे काही सोपं झालेलं नाही.

शेवटी मामा उठले, कपडे झटकले, बूट घातले आणि म्हणाले, "बघा." बांधावरची माणसं मागे सरकली. मामा पाचटात चार पावलं गेले, पाय अडकल्यासारखं केलं आणि पडले. खांदा, पाठ, कुल्ला. आवाज सुद्धा फारसा झाला नाही. लगेच एका गुडघ्यावर आले आणि उभे राहिले. चेहऱ्यावर काही नव्हतं. कांदा धरणारा माणूस कांदा धरूनच उभा होता.

"ह्येचा उपेग काय?" शेजाऱ्याने विचारलं.

"म्हातारपणी माणूस पडणारच," मामा म्हणाले. "पडताना काय करायचं ते ठाऊक असलं तर हाड वाचतंय."

शेजारी विचारात पडला. "माझ्या आईला दावाल का?" तो म्हणाला. "ती सारखी पडतीया."

असा तो वर्ग सुरू झाला. डॉक्टरांनी अट घातली की हाडं ठिसूळ असलेल्यांनी फक्त बसून बघायचं आणि बाकीच्यांनी आधी गुडघ्यावरून पडायचं, उभ्याने नाही. मामांनी ती अट मान्य केली. देवळाच्या सभामंडपात मांडववाल्याकडच्या लग्नकार्याच्या गाद्या दोन-दोन थरांनी टाकल्या. संध्याकाळी म्हातारे जमायला लागले. पहिल्यांदा पुरुषच आले. आधी ते कठड्यावर बसून नुसते बघत. मग एकाने धोतर खोचलं. एकदा एकजण पडल्यावर बाकीचे थांबत नाहीत.

मी आत्यांसाठी घरी थांबायचे, पण टीव्ही तिकडे न्यावा लागायचा तेव्हा रिमोट चालवायला मला जावं लागे. मामा आधी दृश्य दाखवायचे, मग तसं करून घ्यायचे. देवाकडे पाठ करून पडायचं नाही असा एक नियम पुजाऱ्याने घातला, त्यामुळे सगळे एकाच दिशेने पडायचे. जाणारा-येणारा माणूस देवळाबाहेर सायकल थांबवून बघायचा: आत पडद्यावर गोरे पोलीस रांगेने पडतायत आणि समोर गावातले म्हातारे रांगेने पडतायत.

पुढे बायका आल्या. शेजाऱ्याची आई सगळ्यांत पुढे. मामा तिला वयनी म्हणतात, ती त्यांना भावजी म्हणते, आणि वर्गात ती सगळ्यांचीच वयनी झाली. बायका पुरुषांपेक्षा लवकर शिकल्या, पण एका ठिकाणी सगळ्या अडल्या. मामांचा नियम होता की हातात काही असेल तर पडताना ते सोडायचं. हातातली वस्तू वाचवायला गेलं की माणूस वेडावाकडा पडतो. त्यांनी प्रत्येकीच्या हातात पाण्याने भरलेलं पातेलं दिलं आणि हुकूम दिला, "सोड."

एकीनेही सोडलं नाही. वयनी पातेलं छातीशी धरून गुडघ्यावर आल्या, आडव्या झाल्या, आणि पातेलं तसंच. थेंब सांडला नाही.

"वयनी, सोडायचं."

"भावजी, भरलेलं हाय की."

"पाणी हाय नुसतं."

"आता पाणी हाय. घरात दूध असतंय."

मामांनी त्यांना सिनेमातल्या वेटरचं दृश्य दाखवलं. वेटर घसरतो, ताटांचा ढीग वर उडतो, ताटं फुटतात, वेटर सहीसलामत. "बघा, त्यानं वाचवलं का ताट?" मामांनी विचारलं.

"त्याला कुठं घासायची हायत," वयनी म्हणाल्या.

तेव्हा मामांनी मला सांगितलं, आत्यांना घेऊन ये. आत्या तोवर वॉकरवर अंगणापर्यंत चालायला लागल्या होत्या. त्यांना रिक्षाने देवळात आणलं आणि खुर्चीवर बसवलं. मामा म्हणाले, "तू कशी पडलीस ते सांग ह्यांना."

मला ती गोष्ट अर्धीच माहीत होती. मामांना बहुतेक तेवढीच. ते त्या सकाळी पुढच्या अंगणात दाढी करत होते आणि पडतानाचा त्यांनी फक्त आवाज ऐकला होता.

आत्यांनी पदर सारखा केला. "तूप कढवलं हुतं," त्या म्हणाल्या. "कढई घिऊन मागच्या दारी निघाले, निवायला ठिवायची म्हणून. पायरीवर कोंबडी बसलेली. तिला म्हटलं, ऊठ. ती उठली न्हाई. मी पाय तिच्या पलीकडं टाकला, तवा ती उठली. म्या खाली बघितलं तर पायात कोंबडी, आणि माझा पाय पायरीवर न्हाईच. म्या मनात म्हटलं, तूप सांडतंय. दोन्ही हातांनी कढई वर धरली, अशी. आणि गेले."

त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन दाखवलं. कुणीतरी हुंकार दिला.

"कढई?" वयनींनी विचारलं.

"हातातच. पडल्या पडल्या धरून हुते. ह्ये पळत आलं, तोंडाला सगळा साबण. मला उचलाय बघत्यात. म्या म्हटलं, आदी कढई घ्या. तर ह्यांनी कढई घेतली, गरम, आणि धरून तशीच हुबं. म्या खाली, ह्ये वर, दोघांच्यात कोंबडी. कुणालाच काय सुचंना."

"तूप सांडलं का?"

"न्हाई," आत्या म्हणाल्या. "तुपाला काय झालं न्हाई."

बायका हसायला लागल्या. आत्या हसल्या नाहीत. त्या गोष्ट सांगत होत्या. "ते तूप मी दवाखान्यात असताना पावण्यांनी खाल्लं," एवढं सांगून त्यांनी संपवलं. मामा खांबाला हात लावून उभे होते. ते गाद्यांकडे बघत होते. जरा वेळाने त्यांनी पातेलं उचललं आणि वयनींच्या हातात दिलं. "सोड" म्हणाले, पण या वेळी हुकमासारखं नाही. वयनींनी पातेलं सोडलं. पाणी सगळ्या गादीभर झालं. मांडववाल्याने दुसऱ्या दिवशी गाद्या उन्हात घातल्या आणि तो कुणाशीच बोलला नाही.

त्यानंतर वैशाखात कऱ्हाडला एक लग्न होतं. गावातली मुलगी, त्यामुळे आम्ही सगळेच गेलो. आत्या काठीवर आल्या होत्या. कार्यालयात उभ्याने जेवण होतं. वयनींनी ताट भरून घेतलं: मसालेभात, जिलेबी, मठ्ठा, आमटीची वाटी काठोकाठ. सरबताच्या टेबलाजवळ बर्फाचा तुकडा पडला होता. त्यावर त्यांचा पाय आला.

मी समोरच उभी होते, म्हणून मला सगळं दिसलं. वयनींचा पाय गेला आणि त्यांनी ताट सोडलं. नुसतं सोडलं नाही, दिलं सोडून, वर. मग खांदा, पाठ, कुल्ला, हनुवटी छातीला, आणि त्या बसत्या झाल्या. त्यांना ओरखडासुद्धा आला नाही. ताट वर गेलं ते नवऱ्या मुलाच्या चुलत्यांवर आलं. चुलत्यांनी नवा फेटा बांधला होता. आमटी फेट्यात गेली, मसालेभात खांद्यावर बसला आणि एक जिलेबी तुऱ्याला अडकून राहिली.

कार्यालयात सगळ्यांचे हात ताटातच थांबले. सनई तेवढी चालू होती, तीही रेकॉर्डवरची.

तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून मामांचा आवाज आला. "शाबास."

चुलत्यांना वाटलं ते आपल्याला उद्देशून आहे. ते मामांकडे गेले. "शाबास कुणाला म्हणालात?"

"वयनींना."

"माझ्या अंगावर ताट टाकल्याबद्दल?"

"न्हाई. सोडल्याबद्दल. दोन महिने सोडत नव्हत्या."

चुलत्यांच्या चेहऱ्यावरून आमटी ओघळत होती. "म्हणजे तुम्ही हे त्यांना शिकवलंय?"

"व्हय."

"माझ्यावर टाकायचं?"

"दिशा अजून शिकवलेली न्हाई," मामा म्हणाले.

प्रकरण वाढणार होतं. मुलीकडची माणसं धावली, मुलाकडची माणसं धावली. मी मध्ये पडून सगळं सांगायला लागले, खुब्याचं हाड, सिनेमे, पाचट, देऊळ, आणि जितकं सांगत गेले तितकं ते खोटं वाटत गेलं. शेवटी वयनींनीच मिटवलं. त्या चुलत्यांजवळ गेल्या, फेट्यातून जिलेबी काढली आणि म्हणाल्या, "दादा, माज्या नातवाचं लगीन पुढल्या साली हाय. त्यात तुमी माज्यावर टाका." चुलत्यांनी कपाळावरची आमटी पुसली. मग म्हणाले, "आई, लागलं न्हाई न्हवं?" त्यांच्या स्वतःच्या आईचं हाड मोडून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, हे आम्हाला नंतर जेवताना कळलं. त्यांनी मामांना आपल्या गावी बोलावलं. मामा दोनदा जाऊनही आले.

पावसाळ्यात वर्ग वाढला. मग स्वातंत्र्यदिनाला शाळेत झेंडावंदन होतं. मामांना गणवेशावरची पदकं लावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. मैदान भिजलेलं आणि खुर्च्या मांडववाल्याच्या, प्लास्टिकच्या. राष्ट्रगीत झालं, सगळे बसले, मामाही बसले. त्यांच्या खुर्चीचे मागचे दोन्ही पाय चिखलात फाकले आणि खुर्ची खाली बसली. मामा सरळ खाली गेले, बसल्या अंगानं, पाठ ताठ ठेवून. खांदा नाही, कुल्ला नाही, काही वाटून दिलं नाही. सगळा मार एकाच ठिकाणी घेतला. चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. मुख्याध्यापकांचं भाषण संपेपर्यंत ते तिथेच जमिनीवर बसून राहिले, कारण त्यांना उठता येत नव्हतं, आणि लोकांना वाटलं देशप्रेमामुळे बसलेत.

माकडहाडाला मार लागला होता. डॉक्टरांनी मधे भोक असलेली गादी दिली आणि महिनाभर त्यावरच बसायला सांगितलं. संध्याकाळी वर्गातली सगळी माणसं बघायला आली. सोप्यात जागा पुरेना. वयनी पुढे बसल्या.

"भावजी, हनुवटी कुठं हुती?"

"समोर," मामा म्हणाले. "झेंड्याकडं बघत हुतो."

"खांदा?"

"न्हाई वळवला."

"आणि हात?"

"टेकला."

कांदा धरणारा म्हातारा आता वर्गातला नियमित विद्यार्थी झालेला. तो म्हणाला, "सुभेदार, खुर्चीचं तुमी आमाला शिकवलंच न्हाई."

मामांनी त्याच्याकडे बघितलं. "मला कुठं ठाऊक हुतं," ते म्हणाले.

आत्या स्वयंपाकघरातून काठी टेकत आल्या. सगळ्यांना चहा मी दिला, पण बशा त्यांनी दिल्या, एकेक करून, हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदाच. मामा त्यांच्या पायांकडे बघत राहिले, बशीकडे नाही. चहा झाल्यावर माणसं उठली. मांडववाल्याने जाता जाता सांगितलं की गाद्या हव्या तेवढ्या न्या, पण खुर्च्या मिळणार नाहीत.